‘काय की, असंच’ : सातवी-आठवीतलं मूल स्वतःच्या मनाचा अर्थ कसा लावतं

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, ही त्यातली एक. समुपदेशक नेमायचा कसा, पगार कोणी द्यायचा, यावर बरंच बोललं जातं. त्या खोलीत मूल खुर्चीवर बसल्यावर काय होतं, यावर फारसं कोणी बोलत नाही. सोलापुरातल्या कुठल्याही शाळेत बहुधा हे होतं :

‘काय होतंय बाळा?’

‘काही नाही.’

‘मग वर्गात रडलीस का?’

‘काय की. असंच.’

मोठ्यांना वाटतं, पोरगी लपवतेय. कधी लपवतही असेल. पण ११ ते १४ या वयात ‘काय की’ हे बहुतेक वेळा प्रामाणिक उत्तर असतं. काहीतरी होतंय हे तिला कळतं, काय होतंय ते कळत नाही. या दोन गोष्टींमधलं अंतर मूल स्वतःच्या परीने कसं भरून काढतं, ते इथे पाहू.

धडधड एकच, अर्थ तीन

जानेवारीत सोलापुरात होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरतो. आकाशपाळणा वर जाऊन क्षणभर थांबतो तेव्हा छाती धडधडते, तळहात ओले होतात, पोटात गोळा येतो. खाली उतरल्यावर मूल म्हणतं, ‘लई मज्जा आली.’

महिन्याभराने गणिताच्या बाई त्याच मुलाला फळ्याशी बोलावतात. तीच धडधड, तेच ओले तळहात, तोच गोळा. आता मूल म्हणतं, ‘भीती वाटली.’

तिसऱ्या वेळी रात्रीचे अकरा वाजलेत, घरातले सगळे झोपलेत आणि अंथरुणात पडल्या पडल्या छाती धडधडायला लागते. समोर पाळणा नाही, बाई नाहीत. मूल म्हणतं, ‘मला काहीतरी झालंय.’

तिन्ही वेळा शरीराने जवळपास एकच काम केलं. अर्थ लावला मेंदूने, आणि तो लावताना त्याने आजूबाजूला पाहिलं. कारण समोर दिसत असलं की अर्थ सोपा जातो. दिसत नसलं की मेंदू शोधायला लागतो आणि हाताला लागेल ते कारण उचलतो : मला हार्टचा आजार आहे, मी भित्रा आहे, मला कोणीतरी काहीतरी केलंय. मुलाच्या दृष्टीने हे सगळे अंदाज तितकेच खरे असतात.

भावनांचा गुंता सोडवून त्यातली एकेक वेगळी ओळखण्याला अभ्यासक ‘भावना-विभेदन’ म्हणतात. आपण घरातला शब्द वापरू : निवडणं. तांदळातून खडे, तूस, कणी वेगळी काढतात तसं. तांदूळ निवडायला उजेड, वेळ आणि सरावाचा हात लागतो. या वयात तिन्ही कमी असतात.

लहानपणी जमायचं, आता का जमत नाही?

पाच वर्षांच्या पोराला विचारा, ते सरळ सांगतं : ‘मला राग आला, दादाने माझी गाडी घेतली.’ तेच पोर तेराव्या वर्षी ‘असंच’ म्हणतं. पालकांना हे मागे जाणं वाटतं. एका अर्थाने ते आहेही.

एरिक नूक आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५ ते २५ वयोगटातल्या मुलांचा आणि तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भावना वेगळ्या ओळखण्याची क्षमता वयाबरोबर सरळ चढत जाईल, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात लहान मुलांत ती बरी दिसली, वाढत्या वयात खाली आली आणि तरुणपणी पुन्हा वर गेली. कारण मोठं मजेशीर आहे. लहान मूल एका वेळी एकच भावना सांगतं, म्हणून निवडायला काही नसतंच. वाढत्या वयात एकाच वेळी तीन-चार भावना यायला लागतात, पण त्या वेगळ्या करायचा हात अजून बसलेला नसतो.

गड्ड्यात उभं राहिल्यासारखं आहे हे. प्रत्येक स्टॉलचा स्वतःचा भोंगा, प्रत्येक भोंग्यावर वेगळं गाणं. कानावर आवाज भरपूर पडतो, पण कोणतं गाणं लागलंय ते सांगता येत नाही. मैत्रिणीला पहिला नंबर मिळाला, त्याचा आनंद आहे, हेवा आहे, हेवा वाटतो म्हणून स्वतःची लाज आहे, आणि आई आता तुलना करणार याची धास्ती आहे. बाहेर येतं ते एकच : ‘माझं डोकं दुखतंय, मला बोलू नका.’

यात वयाची इतरही भर पडते. पाळी सुरू होणं, आवाज फुटणं, अंगाला येणारा वास, मुरुम. धोक्याची घंटा वाजवणारा मेंदूतला भाग लवकर तरतरीत होतो, तर आवर घालणारा कपाळामागचा भाग पिकायला विशीचा मध्य उजाडतो. झोपेचं घड्याळ पुढे सरकतं.

पण माझ्या मते यातला सगळ्यात मोठा बदल वेगळाच आहे. या वयात मूल पहिल्यांदा ‘मी कसा आहे?’ हा प्रश्न स्वतःला विचारतं. आठ वर्षांचं मूल रडतं आणि विसरतं. तेरा वर्षांचं मूल रडतं आणि नंतर विचार करतं, ‘मी इतका रडतो म्हणजे मी कोण?’

शब्द कुठून उचलले जातात

अर्थ लावायला शब्द लागतात आणि ते मूल आसपासच्या ढिगातून उचलतं. सोलापुरात हा ढीग जरा जास्तच मिश्र आहे. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात तेलुगू, अक्कलकोटकडच्या घरात कन्नड, कुठे उर्दू, शाळेत मराठी, रील्सवर हिंदी-इंग्रजी. रडू येतं एका भाषेत, निबंध लिहायचा दुसरीत, आणि समुपदेशक विचारतात तिसरीत. ज्या भाषेत मुलाला घरी रागावतात किंवा जवळ घेतात त्या भाषेत विचारलं, की उत्तर लांबतं. विचारणाऱ्याला ती भाषा येत नसली तरी ‘घरी याला काय म्हणता?’ एवढं विचारता येतंच.

पहिला शब्द शरीराचा असतो. पोट दुखतंय, डोकं दुखतंय, मळमळतंय, हातपाय गळाले. सोमवारी सकाळी दुखणारं आणि रविवारी न दुखणारं पोट आपण नाटक समजतो. ते नाटक नसतं. ताणाचा आतड्यांच्या हालचालीवर खराच परिणाम होतो आणि पोट खरंच दुखतं. चूक असते ती कारण ओळखण्यात, दुखण्यात नाही.

दुसरा शब्द ‘टेन्शन’. भारतात या विषयावर काम करणाऱ्यांना मुलांच्या तोंडी पुन्हा पुन्हा हाच भेटतो. चांगला शब्द आहे, कारण तो उच्चारायला लाज वाटत नाही. अडचण एवढीच, की त्यात काहीही मावतं : परीक्षा, बाबांची दारू, पाळी चुकणं, मित्राने ब्लॉक करणं. ‘टेन्शन आहे’ हे दार आहे, आत जाऊन पाहायचं राहिलेलं असतं.

तिसरा ढीग मोबाईलवरचा : डिप्रेशन, ॲन्झायटी, ट्रॉमा, ओव्हरथिंकिंग. आणि चौथा आजी-शेजारणींचा : नजर लागली, बाहेरचं आहे, ग्रह बरे नाहीत. हे दोन ढीग एकमेकांचे वैरी वाटतात, पण मुलाच्या हातात पडल्यावर सारखंच काम करतात. दोन्हीकडे कपडा शिवून तयार असतो. अंगात घातला की झालं, माप घ्यायची गरज उरत नाही.

मराठीच्या डब्यात बरंच काही आहे

मोबाईलवरचे शब्द इतक्या पटकन चिकटतात, कारण आपण आपले शब्द मुलांसमोर वापरणंच सोडलंय. वाईट वाटणं आणि राग येणं, या दोनच पट्ट्यांवर घरचं सगळं मोजलं जातं. मराठीत मात्र या दोनांच्या मध्ये मोठी गर्दी आहे आणि त्यातल्या प्रत्येक शब्दात पुढे काय करायचं याची खूण आहे.

‘धाकधूक’ असते पुढे येणाऱ्या गोष्टीची. निकाल, तपासणी, बाबांना प्रगतिपुस्तक दाखवणं. तिला तारीख असते आणि ती तारीख गेली की ती ओसरते. तयारी करायची आणि वाट पाहायची.

‘हुरहूर’ असते मागे राहिलेल्याची किंवा दूर गेलेल्याची. शेजारचा मित्र कुटुंबासह पुण्याला गेला. यावर तयारी नाही चालत. फोन चालतो, आठवण काढू देणं चालतं.

‘रुखरुख’ म्हणजे माझ्या हातून काहीतरी झालं किंवा राहिलं. वर्गात ज्याला सगळे चिडवत होते, त्याला मीही हसलो. ही लहान टोचणी महिनोन्‌महिने टिकते आणि मूल ती ‘मूड ऑफ’ म्हणून सांगतं. तिचा उपाय माफी मागण्यात किंवा भरपाईत असतो. ‘जाऊ दे रे, विसर’ म्हटल्याने ती जात नाही.

‘घालमेल’ दोन ओढींमधली. ‘चीड’ अन्यायाची, तिच्यात कोणीतरी मर्यादा ओलांडलेली असते आणि ते खरंच पाहावं लागतं. ‘वैताग’ मात्र बारीकसारीक गोष्टी साठून येतो. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर, पत्र्याचं घर, पाणी यायचा दिवस म्हणून पहाटे उठून भरलेली पिंपं, आणि वर धाकट्या भावाची किरकिर. इथे समुपदेशनापेक्षा दुपारची दोन तास झोप जास्त कामाची.

आणि ‘कोंडमारा’. हा शब्द मुलांना फार क्वचित माहीत असतो, पण समजावून सांगितला तर ‘हां, हेच’ म्हणतात. सांगायचंय, पण सांगायची सोय नाही. याला उपाय नको असतो, ऐकणारा माणूस हवा असतो.

शब्द सापडल्याने नुसतं वर्णन होत नाही, थोडा आरामही पडतो. मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये मेंदूच्या चित्रणाने दाखवलं, की भेदरलेल्या किंवा रागावलेल्या चेहऱ्याचं चित्र पाहताना त्या भावनेला शब्द दिला, तर धोक्याची घंटा वाजवणारा भाग, अमिग्डाला, कमी खवळतो. आजीला हे प्रयोगाशिवाय माहीत होतं. ‘बोल, म्हणजे हलकं वाटेल’, असं ती म्हणायचीच.

‘मला असं होतंय’ आणि ‘मी असाच आहे’

ही दोन वाक्यं वेगळी ठेवता आली, तर या वयातलं निम्मं काम झालं.

यंत्रमागावर आडवा धागा तुटला किंवा धोट्यातली कांडी संपली, की माग थांबतो. खटखट बंद होते. विणकर काय करतो? माग भंगारात काढत नाही. धागा कुठे तुटला ते पाहतो, कांडी बदलतो, खटका ओढतो. माग थांबणं हा मागाचा दोष नसतो. उलट न थांबता तो तसाच चालला असता, तर चादरीत पट्टा पडला असता.

मुलाचं मन थांबतं तेव्हा त्याच्याजवळ असा विणकर नसतो. ते पाहतं फक्त एवढंच, की बाकीचे सगळे माग चालू आहेत आणि माझाच बंद पडलाय. मग निष्कर्ष निघतो : माझाच माग खराब. ‘मला गेल्या दोन आठवड्यांपासून शाळेत जावंसं वाटत नाही’ याचं ‘मी आळशी आहे’ होतं. ‘मधल्या सुट्टीत माझ्याशी कोणी बोललं नाही’ याचं ‘मी कोणाला आवडत नाही’ होतं. अवस्थेचा स्वभाव होतो.

यात आपण मदतच करतो. ‘ही पहिल्यापासूनच रडकी’, ‘हा हट्टीच आहे, बापावर गेलाय’. पाहुण्यांसमोर सहज बोललेली ही वाक्यं मुलाच्या हातात तयार कारण देतात. तेव्हापासून ते धागा शोधत नाही.

मग आजाराचं नाव दिल्यानेही हेच होत नाही का?

होऊ शकतं, आणि ही शंका रास्त आहे. मानसिक आरोग्याची जागृती फार वाढली की साधे चढउतारही लोक आजार म्हणून वाचायला लागतात आणि तसं वाचल्याने ते वाढतात, असा अंदाज लूसी फोक्स आणि जॅक अँड्र्यूज यांनी २०२३ मध्ये मांडला. भाषणाआधी धाकधूक वाटली, तिला ‘माझी ॲन्झायटी’ म्हटलं, मग भाषणं टाळली, टाळल्यामुळे पुढचं भाषण आणखी अवघड झालं. नावाने वाट दाखवली आणि मूल त्या वाटेने चालत गेलं.

सगळ्या वर्गाला सरसकट मनाचे धडे दिल्यानेही गोष्टी सुधारतीलच असं नाही. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर सजगतेच्या, म्हणजे श्वासाकडे आणि विचारांकडे लक्ष देण्याच्या, धड्यांचा मोठा प्रयोग झाला. २०२२ मध्ये निकाल आले : नेहमीच्या अभ्यासक्रमापेक्षा ते सरस ठरले नाहीत.

म्हणून आजाराचं नाव आणि भावनेचं नाव यांत गल्लत करू नये. ‘धाकधूक’ हे भावनेचं नाव आहे, ते येतं आणि जातं. ‘चिंताविकार’ हे आजाराचं नाव आहे, ते निकष पाहून तज्ज्ञाने द्यायचं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात साधारण ७ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळला. त्या सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता, पण अंदाजापुरता आकडा घेतला तर ६० च्या वर्गात चार मुलं. बाकीच्या ५६ जणांनाही भावनांचा त्रास होतोच, त्यांना आजार नसतो. चौघांना ‘काही नाही तुला’ म्हणणं आणि छप्पन्नांना ‘तुला डिप्रेशन आहे’ म्हणणं, दोन्ही तितकंच चुकीचं.

ज्यांना खरोखर आजार आहे त्यांच्या बाबतीत मात्र नाव मिळणं ही सुटका असते. ‘मी आळशी नव्हतो, मला नैराश्य होतं’ हे वाक्य स्वभावाचं ओझं उतरवून ठेवतं.

‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’

होतं. त्याला ‘वेड लागलं’, ‘घर सोडून गेला’, ‘अंगात आलं’ किंवा ‘शाळा सुटली’ म्हणायचे.

घरी काय करता येतं

समोरासमोर बसवून ‘बोल, काय झालं’ विचारलं, तर ती चौकशी होते. शेजारी-शेजारी असताना मुलं जास्त बोलतात : गाडीवर मागे बसून, आई विड्या वळत असताना बाजूला, शेंगा फोडताना, भाकरी थापताना. नजरेला नजर नसते आणि हाताला काम असतं, त्यामुळे मधली शांतता अवघड वाटत नाही. दहा मिनिटं पुरतात. अर्ध्या तासाच्या वर नेऊ नका.

‘का’ विचारू नका. ‘का’चं उत्तर त्याच्याकडे नाहीच, ते द्यायला लागलं तर ते बनवेल. ‘कधी’, ‘कुठे’, ‘कोण होतं’, ‘अंगात कुठे जाणवलं’ यांची उत्तरं त्याच्याकडे असतात. फरक असा पडतो :

‘पोट दुखतंय होय? कधीपासून गं?’

‘सकाळपासून.’

‘काल दुखलं होतं?’

‘काल नाही. मंगळवारी दुखलेलं.’

‘मंगळवारी नि आज. दोन्ही दिवशी शाळेत काय असतं?’

‘पीटी.’

‘हं.’

‘ते… टीम पाडताना मी शेवटी उरते.’

इथे आईने फार काही केलं नाही. फक्त दोन दिवस शेजारी ठेवले. ‘पीटीला घाबरतेस का?’ असं आधीच विचारलं असतं, तर पोरगी ‘हो’ म्हणाली असती आणि खरी गोष्ट, म्हणजे शेवटी उरण्याची लाज, तशीच राहिली असती. आपण अंदाज पुढे केला, की मूल तोच उचलतं.

शब्द द्यायचाच असेल तर दोन-तीन एकदम द्या आणि ‘यातलं काही आहे, की वेगळंच?’ असं विचारा. एकच दिला तर तो आपला अंदाज होतो.

बोलायला न आवडणाऱ्या मुलासाठी साधी वही चालते. पानावर चार रकाने : दिवस-वेळ, कुठे नि कोणाबरोबर, अंगात काय झालं, त्याला मी काय नाव देतो. दिवसाला एक ओळ, दहा दिवस. वही मुलाची, आपण उघडायची नाही. दहा दिवसांनी त्यानेच पाहायचं, की काय पुन्हा पुन्हा येतंय. दहाच दिवस का? महिनोन्‌महिने स्वतःची नाडी पाहत बसलं, की माणूस बरा होण्याऐवजी नाडीतच अडकतो.

कारण सापडल्यावर लगेच उपदेश सुरू होतो आणि इथेच बहुतेकांचं बिनसतं. दिल्लीच्या सहा सरकारी शाळांत नववी ते बारावीच्या २५१ मुलांबरोबर विक्रम पटेल यांच्या गटाने एक सोपी पद्धत वापरली. अडचण एका वाक्यात मांडायची, सुचतील तेवढे पर्याय काढायचे, एक निवडून करून पाहायचा. चित्रकथांच्या पुस्तिका आणि मानसशास्त्राची पदवी नसलेले, पण शिकवून तयार केलेले समुपदेशक, एवढंच साहित्य. २०२० मध्ये निकाल आले. नुसत्या पुस्तिका मिळालेल्यांपेक्षा समुपदेशकासोबत काम केलेल्यांच्या स्वतः सांगितलेल्या अडचणी जास्त हलक्या झाल्या. आजाराच्या लक्षणांच्या मोजपट्टीवर मात्र सहा आठवड्यांत तसा फरक दिसला नाही. मला यातला पहिला भाग महत्त्वाचा वाटतो : अडचण काय आहे, हे मुलांनी ठरवलं होतं.

घरी करताना पर्यायांत वेडेवाकडेही येऊ द्या. ‘पीटीच्या दिवशी दांडी’ हाही लिहायचा. मग त्यापुढे ‘काय होईल’ लिहायचं. ‘सरांना सांगून नंबर मोजून टीम पाडायची’ हा पर्याय बहुधा चौथा-पाचवा येतो. पहिल्यालाच थांबवलं, तर तिथपर्यंत पोचत नाही.

एक पथ्य : मुलाने सांगितलेलं रात्री मामीला फोनवर सांगू नका. कळतंच त्याला. पुढच्या वेळी ‘काय की’.

वर्गशिक्षकच समुपदेशक झाले तर?

खर्च वाचतो म्हणून हा पर्याय सगळ्यांना आवडतो. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सत्तरहून जास्त शाळांत हे ताडून पाहिलं गेलं आणि २०१८ मध्ये निकाल आले. तोच कार्यक्रम बाहेरून आलेल्या प्रशिक्षित व्यक्तीने चालवला तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी आणि उदासी कमी झाली. शिक्षकांनी चालवला तिथे तसा परिणाम दिसला नाही. शिक्षक वाईट होते असं नव्हे. पण सकाळी गुण देणाऱ्या, दुपारी पालकांना बोलावणाऱ्या माणसाला मूल मधल्या सुट्टीत मन कसं दाखवेल?

आधी झोप आणि रक्त पाहा

मनाचा अर्थ लावण्याआधी शरीराचा हिशेब तपासावा. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते, त्याहून लहानांना ९ ते १२. सकाळच्या शाळेसाठी पावणेसहाला उठायचं तर पावणेदहाला डोळे मिटलेले हवेत, आणि तेही किमान आठ तासांसाठी. किती घरांत मिटतात? सहा तास झोपलेल्या मुलाची चिडचिड ही चिडचिडच असते, तिला स्वभाव म्हणू नये.

दुसरं, हिमोग्लोबिन. १२ ते १४ वयात ते १२ च्या खाली असेल, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. थकवा, धाप, धडधड, कशात लक्ष न लागणं, ही लक्षणं उदासीशी हुबेहूब जुळतात. पाळी सुरू झालेल्या मुलींत तर हे हमखास पाहावं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलं मळमळते म्हणून दप्तरात ठेवतात. उपाशीपोटी न देता जेवणानंतर दिली, की बहुतेकांना सोसते. डॉक्टरांना वाटलं तर थायरॉइडही तपासतात.

कधी वाट पाहायची नाही

दोन गोष्टी मोजा : दिवस आणि अडलेली कामं. दोन आठवडे, बहुतेक दिवस, दिवसाचा बराच वेळ मूल उदास असेल किंवा आवडत्या गोष्टीही नको झाल्या असतील, आणि सोबत झोप, भूक, अभ्यास, मित्र यांतलं काही बिघडलं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. इथे एक गोष्ट पालकांच्या हातून हमखास सुटते. या वयात नैराश्य रडव्या चेहऱ्याने येईलच असं नाही, ते चिडचिडीच्या रूपातही येतं. दार आपटणारं, ताट ढकलणारं मूल ‘माजलंय’ असं वाटत राहतं.

‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, अंगावर जखमा दिसणं, उकाड्यातही लांब बाह्यांचा हट्ट, यासाठी दोन आठवडे थांबायचं नाही. सरळ विचारायचं : ‘जगू नये असं वाटतं का तुला?’ विचारल्याने ते डोक्यात येईल, ही भीती सगळ्यांना असते. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत दोन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर ही भीती तपासली गेली, निकाल २००५ मध्ये आले. विचारल्याने त्रास वाढला नाही, आधीच त्रासात असलेल्यांचाही नाही. उत्तर ‘हो’ आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका, मुलाला एकटं सोडू नका. घरातली औषधं आणि शेतातली फवारणीची औषधं कुलपात टाका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

‘कोणालाही सांगणार नाही’ हे वचनही देऊ नका. जिवाला धोका असेल किंवा कोणी अत्याचार केला असेल, तर सांगावंच लागतं. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांकडे देणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. त्याऐवजी म्हणा, ‘ज्याला सांगणं भाग आहे त्यालाच सांगेन, आणि आधी तुला सांगेन.’

टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही. मूल स्वतः फोन करू शकतं. संकटातल्या मुलांसाठी १०९८ आहे. सोलापुरात सिव्हिलमध्ये, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. १० ते १९ वयासाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ नावाने सल्ला केंद्रं चालतात. तिथे नाव सांगायला ज्यांना संकोच वाटतो, त्यांनी आधी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे जावं. पोटदुखीच्या निमित्ताने गेलं तरी चालतं, खोटंही बोलावं लागत नाही.

जाताना दहा दिवसांची वही मुलाच्याच हातात द्या. न्यायची की नाही, दाखवायची की नाही, हे त्याने ठरवायचं. डॉक्टरांनी ‘काय होतंय?’ विचारलं की आपण लगेच ‘अहो, हा ना…’ असं सुरू करतो. ती दोन मिनिटं तोंड मिटून बसा. मूल कदाचित ‘काय की’पासूनच सुरू करेल. त्यापुढचं वाक्य यायला वेळ लागतो.